जीन शाबूत, तरी बोटं वेगळी

डीएनए म्हटलं की आपल्याला आठवते ती ए टी जी सी अशी अक्षरांची लांबच लांब ओळ, आणि डोक्यात हेच बसलेलं असतं की अक्षर चुकलं की आजार. पण आपल्या एकेका पेशीत हा डीएनए जवळजवळ २ मीटर असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या न्यूक्लियसमध्ये दुमडून बसलेला असतो. तो कसा दुमडलाय यावर गर्भात कुठला जीन कधी, कुठे चालू होणार हे बरंच अवलंबून असतं आणि या भागाबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून हे लिहितोय.

सॉनिक हेजहॉग नावाचा जीन घ्या. गर्भात हाताचा नुसता कोंब असतो तेव्हा करंगळी जिथे येणार त्या कडेला हा जीन चालू होतो आणि त्यावरून किती बोटं, कुठलं बोट कुठे हे ठरत जातं. आता त्याला हातात चालू करणारा स्विच, म्हणजे एन्हान्सर, त्याचं नाव झेडआरएस, तो जीनच्या शेजारी नाहीच, तब्बल १० लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच एका जीनच्या पोटात बसलाय! या स्विचमधलं नेमकं एखादंच अक्षर बदललं तरी जीन अंगठ्याच्या बाजूलाही चालू होतो आणि जास्तीचं बोट येतं, जीन स्वतः मात्र एकदम ठीक. उंदरात हा स्विच काढून टाकला तर पाय अर्धवट राहतात, पण मेंदू वगैरे नीट होतो कारण तिथले स्विच वेगळे. २०१६ मध्ये तर उंदराच्या झेडआरएसच्या जागी सापाचा झेडआरएस घातला आणि त्या उंदरांचेही पाय खुंटले.

मग एवढ्या लांबचा स्विच जीनपर्यंत पोचतो कसा? कोहेसिन नावाचं कडं डीएनएवर बसतं आणि अंगठीतून दोरा ओढत गेलं की फास मोठा होत जातो तसा डीएनएचा लूप ओढत राहतं, आणि सीटीसीएफ नावाचं प्रोटीन योग्य दिशेला तोंड करून बसलेलं भेटलं की तिथे थांबतं. यातून जीनोमचे वेगवेगळे भाग पडतात, त्यांना टॅड म्हणतात, २०१२ मध्ये ते स्पष्ट दिसले. एका टॅडमधले स्विच आणि जीन आपसात जास्त भेटतात, सीमेपलीकडचे कमी.

सीमा मोडली की काय होतं ते २०१५ मध्ये बर्लिनच्या श्टेफान मुंडलोस यांच्या टीमने दाखवलं. ईपीएचए४ या जीनच्या टॅडमध्ये हातापायाच्या कोंबात चालणारे जोरदार स्विच आहेत. काही कुटुंबांमध्ये या भागातला तुकडा सीमेसकट गेलेला होता, त्यामुळे ते स्विच शेजारच्या पॅक्स३ या जीनला जाऊन भिडले आणि बोटं आखूड झाली. उंदरात तसंच करून पाहिलं तर तेच घडलं, पण तुकडा काढून सीमा तेवढी ठेवली तर बोटं नॉर्मल. मला वाटतं या सगळ्या विषयातला हा सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे.

आणि मनगट! हॉक्सडी जीन्सच्या दोन्ही बाजूंना एकेक टॅड आहे. आधी एका बाजूचे स्विच काम करतात, त्यातून कोपराच्या वरचा आणि खालचा हात घडतो, मग जीन्स दुसऱ्या बाजूशी जोडले जातात आणि बोटं घडतात, आणि या अदलाबदलीत मधल्या ज्या पेशींमध्ये हे जीन्स जवळजवळ शांत राहतात तिथे मनगट तयार होतं. देनी दुबूल यांच्या लॅबचं हे काम, कितीही वेळा वाचलं तरी मला तितकाच आनंद होतो.

पण टॅड म्हणजेच सगळं असंही नाही. २०१७ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमधून कोहेसिन काढलं तर लूप गायब झाले पण बहुतेक जीन्सवर थोडाच फरक पडला, २०१९ मध्ये सॉक्स९ या जीनजवळच्या सीटीसीएफच्या जागा काढल्या तरी उंदीर बरेचसे ठीकच जन्मले. माझं मत असं की सीमा ही भिंत नाही, ती फक्त कोण कोणाला किती वेळा भेटणार याचं प्रमाण बदलते, आणि तयार पेशी तेवढा फरक सोसते पण गर्भात काही तासांत नवे जीन्स चालू व्हायचे असतात तिथे तो फरक भोवतो. कॉर्नेलिया द लांगे सिंड्रोम हा जन्मजात आजार बघा, त्यात बऱ्याचदा कोहेसिनला डीएनएवर बसवणाऱ्या एनआयपीबीएल जीनची एकच प्रत बिघडलेली असते, जीन्सवरचे परिणाम बारीक बारीक, पण ते खूप जीन्सवर होतात आणि चेहरा, हात, मेंदूची वाढ सगळ्यावर दिसतात.

म्हणूनच जन्मजात दोष असलेल्या बाळाच्या एक्झोम टेस्टमध्ये काही सापडलं नाही तर शोध तिथेच थांबवू नये असं मला मनापासून वाटतं. ती टेस्ट मुख्यतः प्रोटीनचा कोड असलेला भाग वाचते, म्हणजे जीनोमचा जेमतेम १ ते २ टक्के, आणि झेडआरएस काय किंवा टॅडची सीमा काय, ते उरलेल्या भागात असतं. तिथे पूर्ण जीनोम वाचावा लागतो, आणि तुकडा गेलाय का, उलटा बसलाय का, दुप्पट झालाय का हे मुद्दाम बघावं लागतं.