पाकिटामागे ६० पैसे

लग्नात, ओट्यावर, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही माझा धाकटा भाऊ कामाला जातो असं निघालं की (त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे, बुद्धीची वाढ हळू होते) पुढचा प्रश्न ठरलेला. आवाज जरा खाली घेऊन विचारतात, "ताई, खरंच पगार देतात का त्याला, की आपलं असंच बसवून ठेवलंय?" परवा कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणात तुम्हीही हेच विचारलंत. तुमची मुलगी शेजारीच बसली होती, एकोणीस वर्षांची, चेहरा अगदी आमच्या भावासारखा, तिलाही डाउन सिंड्रोमच. म्हणून नेहमीसारखं नुसतं "हो" म्हणून उठावंसं वाटलं नाही.

देतात. पाकिटामागे ६० पैसे.

भावाला घरात सगळे आप्पा म्हणतात. लहानपणापासून हात मागे बांधून चालतो, पेन्शनीतल्या म्हाताऱ्यासारखा. आता ३४ वर्षांचा आहे. जळगावच्या एमआयडीसीत एका दालमिलमध्ये तूरडाळीची किलोची पाकिटं भरतो. अजिंठा चौफुलीवरून शेअर रिक्षा, हातात डबा.

पण याआधी दोन वर्षं तो खरोखरच "बसवून ठेवलेला" होता. ओळखीच्या एका दुकानदाराने पुण्यकर्म म्हणून त्याला ठेवून घेतलं. स्टूल दिलं, दोन वेळा चहा दिला. गिऱ्हाईक आलं की, "हा आमचा आप्पा, एकदम देवमाणूस." काम काही नाही, पैसेही नाहीत. माय म्हणायची, "बसू दे त्याले, तुनं काय जास?" मलाही तेच बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. दुपारची काळजी मिटली होती. आप्पा मात्र सकाळी चप्पल लपवायला लागला. कधी पाण्याच्या टाकीमागे, कधी तुळशीवृंदावनात. ते कळायला आम्हाला चार महिने लागले.

दालमिलच्या शेठनेही सुरुवातीला "येऊ दे, रमेल" असंच म्हटलं. तेव्हा मी अडून बसले. पाकिटं भरणाऱ्या बायांना जो दर, तोच ह्याला द्या, नाहीतर नको. बाया दिवसाला सहाशेच्या आसपास पाकिटं भरतात, आप्पा साडेतीनशे. म्हणजे त्यांचे ३६० होतात आणि ह्याचे २१०. तो हळू आहे, म्हणून पैसे कमी मिळतात. त्याला डाउन सिंड्रोम आहे म्हणून नाही. ह्या दोन वाक्यांतला फरक शेठला लगेच कळला. नातेवाइकांना अजून कळलेला नाही.

आकडे त्याला वाचता येत नाहीत. मग वजन कसं करतो? ही युक्ती कुठल्या तज्ज्ञाची नाही, शेजारी बसणाऱ्या मावशीची. तिने पुठ्ठ्यावर जाड पेनाने १.००० असं लिहून काट्याच्या वर चिकटवलं. पुठ्ठ्यावरचं चित्र आणि काट्यावरचं चित्र सारखं दिसलं की पाकीट सीलला. एखादा दाणा कमी असला तरी तो पाकीट सोडत नाही. त्यामुळेच हळू आहे.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी शेठला सांगितली होती, तुम्हीही सांगा. गोणी उचलायला लावायची नाही. ह्या मुलांचे सांधे सैल असतात, आणि काहींच्या मानेचे वरचे दोन मणकेही सैल असू शकतात. मानेवर ओझं पडलं, झटका बसला, तर मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. मिलमध्ये हमाल पाठीवर, मानेवर गोणी टाकून पळतात आणि आप्पाला त्यांची नक्कल करायची भारी हौस. डॉक्टरांना दाखवून मानेचा एक्स-रे काढला, तो चांगला निघाला, तरी गोणी नाहीच.

मध्यंतरी तो एकदम मंदावला. दोनशे पाकिटांवर आला, दुपारी काट्यावरच डोकं टेकवायचा. मुकादम म्हणाला, लाडावलाय. रक्त तपासलं तर थायरॉइड. डाउन सिंड्रोममध्ये ते फार जणांना होतं, म्हणून वर्षातून एकदा तपासायचं असतं. आमचंच तीन वर्षं राहून गेलं होतं. आता सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि तासाभराने चहा. तेवढ्यासाठी तो घड्याळापुढे उभा राहतो.

एकदा त्याने उडदाच्या पाकिटांवर तुरीची लेबलं लावली, शंभरेक तरी. शेठ सगळ्यांसमोर ओरडला. आप्पा घरी आला तो जेवलाच नाही. मी फोन उचलला, शेठला चार शब्द सुनवायला. नंबर लावला आणि मग ठेवून दिला. दुकानात दोन वर्षांत त्याला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास आधी निघाला.

पैशांचा घोळ मात्र संपता संपत नाही. पगार खात्यात जमा होतो, पण हातात काही पडलं नाही म्हणजे आप्पाच्या लेखी मिळालंच नाही. मग दर शनिवारी बाबा शंभराची एक जांभळी नोट देतात. पाचशेची दिली तर परत करतो, रंग आवडत नाही. थंडीत ह्याच नोटांतून त्याने मिलमधल्या बायांना भरीत-पुरी खाऊ घातली. माझ्याकडून दोनशे उसने घेतले, ते अजून यायचेत.

खातं उघडताना एका बँकेने आम्हाला सात हेलपाटे घालायला लावले. पालकत्वाचा कागद आणा म्हणे. वयाची १८ वर्षं झाली की आईबापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. तुमची मुलगी एकोणीसची आहे, तेव्हा ते आधी बघा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंच असेल. एसटीला ७५ टक्के सवलत मिळते. सरकारी नोकरीत २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांना ४ टक्के जागा आहेत, पण त्यातल्या १ टक्क्यात बौद्धिक दिव्यांगांबरोबर स्वमग्न, मनोरुग्ण आणि बहुविकलांगही येतात. वर लेखी परीक्षा. चौथीपर्यंत शिकलेल्या आप्पाला त्यात काय मिळणार?

२१ मार्चला काही मंडळी फोटो काढायला घरी आली होती. एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं, म्हणून २१ तारीख आणि तिसरा महिना, हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन. त्या दिवशी दोन पायांत दोन वेगळे मोजे घालायची पद्धत आहे. आता मार्चच्या उन्हात जळगावात मोजे कोण घालतं? पण त्यांनी हौसेने आणले होते. आप्पाने ते घेतले, खिशात कोंबले, डबा उचलला. "आज नही. काम शे." फोटोत शेवटी मी आणि बाबाच.

तुमच्या मुलीसाठी तिथे जागा आहे का, ते मी शेठला विचारलं. दिवाळीत मुगाची पाकिटं वाढतात, तेव्हा एखादं माणूस लागेल म्हणाला. दर मी विचारून ठेवलाय, तोच ६० पैसे. आधी तिला विचारा, तिला जायचंय का. जायचं असेल तर सोमवारी नऊला चौफुलीवर या, आप्पाबरोबरच जाता येईल. मानेचा एक्स-रे काढलेला असला तर सोबत आणा. आणि डब्यात दोन बिबडे (ज्वारीचे पापड) जास्त टाका, नाहीतर तो तिच्यातले घेईल.