कुक्ड, ग्लेझिंग आणि 1851

सोमवार, रात्री

विंटर टर्म संपत आली. अ‍ॅन आर्बरमध्ये जानेवारी ते एप्रिलच्या सत्राला विंटर टर्म म्हणतात, आणि आज एप्रिलातही बर्फाचा चुरा भुरभुरत होता, त्यामुळे नावाला बोल लावता येत नाही. संख्याशास्त्राच्या अगदी पहिल्या कोर्सची मी जीएसआय आहे. बाकी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ज्याला टीए म्हणतात, म्हणजे शिकवण्याला हातभार लावणारा वरचा विद्यार्थी, त्याचं मिशिगन विद्यापीठातलं हे बारसं. काम तेच.

ऑफिस अवर्सला, म्हणजे शंका विचारायच्या वेळेला, आज जो येईल तो बूड टेकायच्या आधी सांगत होता, ‘आय अ‍ॅम कुक्ड.’ म्हणजे मी मेलो, माझं काही खरं नाही. त्यातल्या एकाने लगेच पुरवणी जोडली: आजपासून तो ‘लॉक इन’ करणार. फोन बंद, दोस्त बंद, उग्लीत ठाण मांडून नुसता अभ्यास. उग्ली म्हणजे इथली अंडरग्रॅज्युएट लायब्ररी. नाव आद्याक्षरांतून आलंय, पण इमारत बघितल्यावर ते कुणालाही अन्यायाचं वाटत नाही. मग दारातच दोघी मैत्रिणींचं जुंपलं. एक जण प्राध्यापकांच्या शेवटच्या लेक्चरची तोंड फाटेस्तोवर स्तुती करत होती आणि दुसरी तिला दटावत होती, ‘स्टॉप ग्लेझिंग!’ प्राध्यापक मागेच कॉफी घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घालून कॉफीत बघितलं.

घरी आल्यावर हॉल उघडून बसले. बेंजामिन होमर हॉल हा हार्वर्डचा विद्यार्थी. 1851 मध्ये, पदवी घेतली त्याच वर्षी, त्याने अमेरिकन कॉलेजांतले शब्द आणि चालीरीती गोळा करून त्यांचा कोश छापला. नेटवर फुकट मिळतो. अकारविल्हे लावलेला असला तरी मी तो कादंबरीसारखा वाचते, कुठूनही.

त्यात ‘फिशिंग’ आहे: हार्वर्डमध्ये गोड बोलून, पुढे पुढे करून मास्तरांची मर्जी मिळवणं. मधल्या काळात त्याला ब्राउन-नोझिंग म्हणू लागले (त्याची व्युत्पत्ती रोजनिशीतही लिहवत नाही), आता ग्लेझिंग. ‘डिग’ म्हणजे मान मोडून अभ्यास करणं. आजचं लॉक इन. ‘स्क्रू’ म्हणजे मास्तरांनी विद्यार्थ्याला बारीकसारीक प्रश्न विचारून विचारून पिळून काढणं. आणि ‘पोनी’! लॅटिन-ग्रीक धड्याचं तयार भाषांतर. पायी चालणारा जिथे अडखळतो तिथून स्वार अलगद पार होतो, म्हणून पोनी, असं हॉल समजावून सांगतो. आम्ही याला गाईड म्हणायचो आणि वर्तमानपत्राचं कव्हर घालून वापरायचो. माझ्या वर्गातली मुलं ‘चॅट’ म्हणतात, म्हणजे चॅटजीपीटी. ‘मी चॅटला विचारलं,’ असं माझ्याच तोंडावर सांगतात, जणू चॅट हा कुणी वरच्या वर्गातला दादा आहे.

पण हॉलमधले दोन शब्द असे आहेत की त्यांना पर्याय शोधावाच लागत नाही. ‘क्रॅम’, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर घोकंपट्टी, आणि ‘फ्लंक’, म्हणजे नापास होणं. दोन्ही जसेच्या तसे आजही चालू. गृहयुद्धाच्या आधीचा हा मुलगा उद्या उग्लीत येऊन बसला तर त्याला आजूबाजूच्या गप्पांतलं निम्मं कळणार नाही, पण कुणाची काय अवस्था आहे ते बरोबर कळेल.

बुधवार

परवाचं डोक्यातून जात नाही. क्रॅम आणि फ्लंक इतकी वर्षं टिकले. मग कौतुकाचे शब्द इतके अल्पायुषी का असतात?

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, कॉनी एबल नावाच्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका 1972 पासून आपल्या वर्गातल्या मुलांकडून कार्डांवर स्लँग लिहून घेत होत्या. त्यावर 1996 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या यादीत ‘स्वीट’ आहे, ‘किलर’ आहे; दोन्हींचा अर्थ झकास. आज किलर कुणी म्हणालं तर मुलं वळून बघतील. त्यानंतर लिट आला, फायर आला, दोन्ही आता उतरणीला. याच यादीत ‘ब्लो ऑफ’ मात्र आहे, म्हणजे काम टाळणं किंवा तास बुडवणं, आणि तो अजून ठणठणीत आहे. सोप्या कोर्सला तेव्हा ‘स्लाइड’ म्हणत. पूर्वेकडच्या जुन्या कॉलेजांत त्यालाच ‘गट’. उलट, पोरांना गाळून टाकणारा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा कोर्स म्हणजे ‘वीडर’. इथे ऑरगॅनिक केमिस्ट्री, लाडाने ऑर्गो. डॉक्टर व्हायची कित्येक स्वप्नं ऑर्गोच्या दारात चपला काढून परत गेली आहेत.

मला वाटतं, कौतुकात मुळात अतिशयोक्ती असते. जेवण लिट, टी-शर्ट लिट, पाऊस लिट असं झालं की खरंच भारी काही घडलं तर हाताशी शब्द उरत नाही. मग नवा आणावा लागतो. नापास होणं कधी गुळगुळीत होत नाही. ते दर वेळी पहिल्याइतकंच लागतं. इथल्या चौकात, डायगवर, जमिनीत पितळी एम बसवलाय. पहिल्या ब्लू बुक (निळ्या उत्तरपुस्तिकेतल्या) परीक्षेआधी त्यावर पाय पडला तर नापास, अशी समजूत आहे. बायोस्टॅटिस्टिक्समध्ये जाणारी, संभाव्यता कोळून प्यायलेली मुलंही त्याला वळसा घालून जातात.

बुधवार, नंतर

एक गोष्ट लिहायची राहिली आणि खरं तर तीच मला जास्त खटकते. वर्तमानपत्रं या सगळ्याला ‘जेन झीची भाषा’ म्हणून मोकळी होतात. नो कॅप (खोटं नाही), बेट (ठरलं), फिना ही काळ्या लोकांची इंग्रजी आहे. स्ले (बाजी मारणं), टी (खमंग बातमी), शेड (खोचक टोमणा) हे न्यूयॉर्कच्या बॉलरूम जगातून, म्हणजे नाच आणि वेशभूषेच्या स्पर्धांच्या जगातून आले, काळ्या आणि लॅटिनो समलिंगी, पारलिंगी लोकांनी उभं केलेल्या. टिकटॉक सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून हे शब्द कुणाच्या तरी घरात रोजच्या वापरात होते. ‘फिना’ तर फॅशनचा शब्दच नव्हे. ‘फिक्सिंग टू’ झिजून झिजून झालेला, नजीकचा भविष्यकाळ दाखवणारा शब्द. तो व्याकरणाचा भाग आहे. ‘शी वर्किंग’ म्हणजे ती आत्ता काम करतेय, आणि ‘शी बी वर्किंग’ म्हणजे ती नेहमी करत असते. प्रमाण इंग्रजीतही हा भेद आहे, पण तो ‘शी इज वर्किंग’ आणि ‘शी वर्क्स’ असा वेगळ्या रीतीने दाखवतात.

आणि हे मी ज्या गावात बसून लिहितेय त्या गावाला हा विषय नवा नाही. अ‍ॅन आर्बरमध्येच मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर प्राथमिक शाळेतल्या काळ्या मुलांच्या घरच्यांनी शाळा मंडळावर खटला भरला होता. या मुलांना मंद समजून बाजूला काढलं जात होतं. जिनीव्हा स्मिदरमन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी साक्ष दिली, आणि 1979 मध्ये फेडरल न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला की वाचायला शिकवताना मुलांची घरची भाषा विचारात घ्यायला हवी. हे शाळेने करायलाच पाहिजे. पुढे 1996 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात ओकलंडच्या शाळा मंडळाने असाच विचार मांडला, तेव्हा देशभर खिल्ली उडाली.

उपनगरातून आलेला गोरा मुलगा ‘बेट’ म्हणतो तेव्हा ती त्याच्या वयाची गंमत असते. इंटर्नशिपच्या मुलाखतीला तो ती टायबरोबर बदलतो. ज्याची आजी डेट्रॉइटमध्ये तसंच बोलते, त्याने निबंधात तेच लिहिलं की लाल शाई. मला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्याकडे सांगलीच्या बाजूला ‘पानी’ आणि ‘व्हतं’ म्हणतात. पुण्यात कॉलेजला आले तेव्हा पहिलं वर्ष माझा न आणि ण सुधारण्यात गेलं. सुधारणारे खूप होते, फुकट. तीच मंडळी आता फोटोंखाली ‘काय रं भावा’ लिहितात. गावचा ठसका असतो म्हणे त्यात.

शुक्रवार

शेवटच्या क्विझच्या मागे, मार्कांशी संबंध नाही असं ठळक लिहून, मुलांना सांगितलं: या टर्ममध्ये सगळ्यात जास्त ऐकलेला कॉलेजातला शब्द लिहा, वाटलं तर अर्थही लिहा. एबलबाईंची कल्पना, माझ्याकडे कार्डं नव्हती एवढंच.

कुक्ड पहिला, अपेक्षेप्रमाणे. मग लॉक इन, मग क्रॅश आउट, म्हणजे ताण सहन न होऊन फुटणं. तीन वेगवेगळ्या शब्दांत एकच एप्रिल. ‘डार्टी’ बऱ्याच जणांनी लिहिला: भर दिवसाची, अंगणातली पार्टी. तोही इथे ऋतूप्रमाणे येतो, ऊन पडलं की. चॅट कुणीच लिहिला नाही. त्यांच्या लेखी तो स्लँग नसावा, किंवा क्विझच्या कागदावर ते नाव नको असावं. दुसरं जास्त शक्य. डेट्रॉइटच्या एका मुलीने अर्धं पान भरून लिहिलंय. तिच्या यादीतले पाच शब्द तिच्या घरचे आहेत आणि ते वर्गातल्या कुणी शोधून काढलेले नाहीत. खाली दोन रेघा. तिला मी फक्त ‘मान्य’ एवढंच लिहिलं, नंतर वाटलं की तिच्याशी बोलायला हवं, ऑफिस अवर्समध्ये नाही, चहा पिताना.

रिझ, म्हणजे समोरच्यावर छाप पाडून मोहवण्याची हातोटी, एका मुलाने लिहिला होता. 2023 मध्ये ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तोच. त्याने तो खोडून बाजूला लिहिलंय: सॉरी, हा माझे बाबा वापरतात.