अर्धी टाकी

"सहा इंच," काकांचा पुतण्या म्हणाला आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत वाळवंटातली कुठलीशी पिकअप होती. टायर छातीपर्यंत, पोटाखालून माणूस रांगत पलीकडे जाईल एवढी उंच. काका माझ्या लोखंडी स्टुलावर बसून पोहे खात होते. त्यांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. शेव जरा बाजूला सारत म्हणाले, "मला वर पाणी न्यायचंय. उंचीचं तुम्ही दोघं बघा."

इथेच मी कान द्यायला हवा होता. पण गॅरेजवाल्याला इंचांची चर्चा फार आवडते. आम्ही दोघं इंचांतच बसलो.

माझं वर्कशॉप इंदूरला देवास नाक्याकडे आहे. अठरा वर्षं झाली, जुन्या जीपा उघडतो आणि जोडतो. काका वीज मंडळातून निवृत्त. सिमरोलच्या पुढे चोरलकडे, जिथे माळवा संपून निमाडकडे उतार सुरू होतो, तिथे त्यांची टेकडीवरची जमीन आहे. वर केसर आंब्याची दोनशे कलमं आणि बोअर खाली नाल्याजवळ. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खांब उभे केले, पण स्वतःच्या टेकडीवर लाईन नाही. ट्रॅक्टरमागे टँकर लावून पाहिला, तर वळणावर तो वळेना. म्हणून त्यांनी जुनी मागच्या चाकांवर चालणारी पिकअप घेतली आणि तिला फोर व्हील करायला माझ्याकडे आणली.

माझी पहिली अट नेहमीचीच होती, की ही गाडी रस्त्यावर चालणार असेल तर मी हात लावणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. काका सरकारी नोकरीतले, त्यांनी रजिस्ट्रेशन आधीच रद्द करून घेतलं होतं. गाडी माझ्याकडे आली तीही दुसऱ्या ट्रकच्या पाठीवरून, आणि जाणार होती तीही तशीच.

पुढचं हाउजिंग, म्हणजे दोन चाकांना जोडणारं गिअरसकटचं लोखंडी कवच, डिस्पोजलच्या म्हणजे भंगारात काढलेल्या जीपचं मिळालं. त्यात बघण्यासारखी मुख्य गोष्ट एकच. क्राऊन-पिनियन म्हणजे हाउजिंगमधली गिअरची जोडी; पुढच्या आणि मागच्या जोडीचा रेशो एक नसेल, तर फोर व्हील लावल्याबरोबर दोन्ही हाउजिंगं एकमेकांशी भांडतात. हे तपासायला प्लेट वाचत बसावं लागत नाही. एक चाक जमिनीवर ठेवायचं, दुसरं उचलायचं, उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि प्रोपेलरच्या (गिअरपासून हाउजिंगपर्यंत फिरणाऱ्या दांड्याच्या) योकवर, म्हणजे टोकाच्या दोन कानी तुकड्यावर, खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. जो आकडा येईल तोच रेशो. पुढे मोजलं, मागे मोजलं, खडूची खूण दोन्हीकडे एकाच जागी येऊन थांबली. आमचे उस्ताद, म्हणजे मुख्य मिस्त्री, खूश झाले.

उंचीचं मी पुतण्याला समजावलं. गाडीची लिफ्ट म्हणजे चॅसी वर जाते, हाउजिंग नाही. हाउजिंगचा गोळा दगडाला लागतो तो लागतच राहणार, कारण तो चाकाच्या बरोबर मधे बसलेला असतो. त्याला वर उचलायचं तर टायर मोठा हवा. मूळ टायर २३५/७५ आर १५, म्हणजे साधारण २९ इंच. आपण ३१ चा घातला तर गोळा उचलला जाणार एक इंचच. लिफ्ट कशाला, तर तो मोठा टायर वळताना आणि दाबला जाताना मडगार्डला घासू नये म्हणून. "मग फोटोत?" त्याने विचारलं. फोटोतल्या गाडीचं काय काय बदललंय ते फोटोत दिसत नाही, म्हटलं. तो सहावर, मी तीनवर. शेवटी चारवर तोडगा निघाला. आपल्याकडे लग्नाच्या याद्या ठरतात तसा. याचा दोष मी माझ्या अठरा वर्षांच्या अनुभवावर टाकू शकत नाही, हा निव्वळ भिडस्तपणा होता.

चार इंच उंच कमानी बनवून आल्या. पाटे म्हणा, इंदूरात कमानीच म्हणतात. गाडी फरशीवर उभी केली, सगळं मापलं, सगळं ठीक. रिकामी गाडी, सपाट फरशी.

चाचणीचा दिवस नवतपातला, मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला होता. सकाळी नऊलाच पत्र्याला हात लावता येत नव्हता. शेतावर काकांनी हजार लिटरची काळी उभी टाकी मागे बांधून ठेवली होती, चारी बाजूंनी दोर, गाठी अगदी नीट. पाइप लावला. मी म्हणालो, "काका, पहिल्यांदा जायचंय, अर्धीच भरू." काळजीपोटीच म्हणालो. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

स्टिअरिंगवर काका. मी शेजारी, उस्ताद मागोमाग चालत. लो गिअर, पहिला. पायवाटेच्या सुरुवातीला मातीचा एक बांध आहे, कंबरेएवढा. गाडी सरळ चढली. माथ्यावरून पुढची चाकं पलीकडे उतरताना चॅसी क्षणभर बांधावर टेकल्यासारखी झाली आणि पुढचं हाउजिंग खाली लोंबकळलं. त्याच वेळी पायाखालून आवाज आला, कट्ट, आणि पुन्हा कट्ट. गाडी उचकी लागल्यासारखी हलली. काकांनी क्लच दाबला. खालून उस्ताद ओरडले, "भिया, क्रॉस अटक रहा है!"

आडवा होऊन पाहिलं. पुढच्या प्रोपेलरचा क्रॉस, म्हणजे दोन योक जोडणारा वाकणारा सांधा, इतका वाकला होता की योकचे दोन कान एकमेकांना भिडत होते. त्या चकचकीत कडेवर ताजी चंदेरी रेघ उमटली होती, नखाएवढी. अजून दोन-चार फेरे जोराने फिरला असता तर क्रॉस तुटला असता किंवा ट्रान्सफर केसचा (पुढच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचा) पुढचा कान गेला असता.

आता हिशेब सांगतो, कारण तो मी त्या दिवशी शेतावर पुठ्ठ्यावर केला आणि करायला हवा होता महिनाभर आधी. पुढचा प्रोपेलर आखूड असतो. आमचा क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत २६ इंच. मूळ उंचीला ट्रान्सफर केस आणि पिनियन यांत ५ इंचांचा फरक, म्हणजे साधारण ११ अंशांचा उतार. कमानी चार इंच वाढवल्या की फरक ९, उतार २० अंश. उभी गाडी २० अंशांवर चालते. सपाटीवर थोडी थरथर वाटते एवढंच, कारण साधा क्रॉस वाकडा फिरताना दर फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. २० अंशांवर हा फरक सहा टक्क्यांच्या आसपास जातो, १० अंशांवर दीड टक्काच. दोन्ही टोकांचे क्रॉस सारख्या कोनात असले की एकाची चूक दुसरा पुसतो, म्हणून पुष्कळांना कळतच नाही. पण चाक लोंबकळलं की अजून चार इंच खाली जातं. फरक १३, शाफ्ट २६. सरळ ३० अंश. साध्या योकचे कान तिथे एकमेकांना भिडतात. सहा इंचांची लिफ्ट असती तर उभ्या गाडीलाच २५ अंश झाले असते.

यावर उपाय म्हणून पाचर घालून पिनियन वर वळवता येतो. घातली असती तर प्रोपेलर खूश झाला असता, पण पुढच्या हाउजिंगमध्ये पिनियन आणि किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती खुंटी) एकाच लोखंडाला जोडलेले. पिनियन दोन अंश वर केला की कॅस्टर, म्हणजे त्या खुंटीचा मागे झुकलेला कोन, दोन अंश कमी होतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. आडव्या उतारावर पाणी घेऊन चालणाऱ्या गाडीला असलं स्टिअरिंग द्यायची माझी हिंमत नव्हती.

काका म्हणाले, "आज एवढंच वर जाऊन येऊ. त्या बांधाला वळसा घालू." मी नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्यांदा.

वळसा घालणारी वाट टेकडीला आडवी जाते, उजवीकडे उतार. आम्ही चालण्याच्या वेगाने निघालो. मधे डावं मागचं चाक, म्हणजे वरच्या बाजूचं, एका दगडावर चढलं आणि धपकन उतरलं. गाडी हलली, आणि मागे टाकीतलं पाणी आधी डावीकडे गेलं, मग उजवीकडे आलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कुणी ओली गोणी भिंतीवर आपटावी तसा. पाणी उजवीकडे आपटलं आणि डावं मागचं चाक जमीन सोडून वर आलं. उस्तादांनी नंतर हात दाखवला, वीतभर. मी दाराचं हँडल धरलं. ब्रेक, हा शब्द माझ्या तोंडात आला होता. काकांनी ब्रेक दाबला नाही. त्यांनी स्टिअरिंग शांतपणे उजवीकडे, उताराकडे वळवलं. गाडीचं तोंड खाली झालं, चाक टेकलं, आणि आम्ही एका पळसाच्या झाडाशी येऊन थांबलो.

"खांबांचा ट्रक असाच एकदा झाला होता," ते म्हणाले. बास, एवढंच.

पळसाखाली सावली नावालाच होती. मी त्याच पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला दुसरा हिशेब मांडला. गाडीची दोन चाकांतली रुंदी १ मीटर ४० सेंटिमीटर, गाडीचं वजन सतराशे किलो धरलं, वर हजार लिटर म्हणजे हजार किलो. उभ्या टाकीतल्या पाण्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या जवळ. कुठल्या कोनाला गाडी कलंडेल ते काढलं. चार इंच लिफ्ट आणि उभी टाकी पूर्ण भरलेली, साडेबत्तीस अंश. तीच टाकी आणि लिफ्ट दोन इंच, तेहतीसच्या थोडं वर. म्हणजे ज्या इंचांवर आम्ही महिनाभर भांडलो त्यांतल्या दोन इंचांचा या बाबतीत फरक होता जेमतेम एका अंशाचा. आणि हे सगळं कागदावरचं. खरी कमान उताराकडे दबते, माती ढासळते, पाणी स्वस्थ बसत नाही.

पाणी स्वस्थ बसत नाही, हेच. पूर्ण भरलेली उभी टाकी उंचावर ओझं ठेवते, अर्धी भरलेली टाकी ते ओझं इकडून तिकडे फेकते. पूर्ण भरून निघालो तरी झाडांना घालत गेलं की ती अर्धी होणारच, तीही टेकडीच्या मधोमध.

पुतण्या पहिल्यांदाच गप्प होता. काकांनी पुठ्ठा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "टाकी एकच का हवी?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"चार घेऊ. अडीचशेच्या. बुटक्या. एक पूर्ण रिकामी झाली की दुसरी उघडायची." अडीचशे लिटरची टाकी साठ सेंटिमीटरच्या आसपास उंच असते. मी तिथेच आकडा पुन्हा काढला. बुटक्या टाक्या आणि लिफ्ट दोन इंच, जवळपास ३६ अंश. टाक्यांनी दिलेला फायदा लिफ्ट कमी करण्याच्या दुप्पट निघाला. आणि एका वेळी हलणारं पाणी अडीचशे लिटरच, तेही अरुंद टाकीत. माझ्या डोक्यात वीस वेळा पाण्याचा विचार येऊन गेला होता, पण गाडीच्या मागे काय बसणार हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. "मला वर पाणी न्यायचंय" हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं.

परत आल्यावर गाडी चॅसीखाली घोड्या लावून उचलली, चाकं मोकळी लोंबकळत ठेवली आणि यावेळी सगळं उलटं केलं. आधी प्रोपेलर, मग उंची. दोन इंचांच्या कमानी, आणि हाउजिंग तीन इंचांपेक्षा खाली जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्टे. सर्वांत खालच्या टोकाला कोन साडेबावीस अंश, योकच्या कानांत करंगळी जाईल एवढी फट. मग कमानींचा मुख्य पाटा तेवढा ठेवून बाकीचे काढले, म्हणजे हाउजिंग हाताने वर-खाली करता येतं. एक चाक जॅकने पूर्ण वर दाबलं, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं आणि टायर कुठे लागतो ते खडूने पाहिलं. मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात लागला, बोटभर. तेवढा पत्रा कापला आणि कड मुडपून घेतली. बंप स्टॉप, म्हणजे हाउजिंग किती वर येईल ते अडवणारा ठोकळा, एक इंचाने उतरवला. ब्रेकचे होज मी आधीच लांब घातले होते. एवढं एक काम तरी पहिल्या वेळी बरोबर झालं होतं.

मागे हेल्पर पाटा वाढवला. चारी टाक्या भरून देवास नाक्याच्या धर्मकाट्यावर नेली, अर्थात ट्रकवर चढवून, आणि तिथे उतरवून पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोलली. काट्यावरचा पोरगा विचारत होता, पाणी विकायला चाललात का?

पुतण्या गाडी न्यायला आला तेव्हा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. "दिसायला बुटकीच वाटतेय, दादा," म्हणाला. टायरसकट मूळ गाडीपेक्षा तीन इंच उंच आहे, मी म्हटलं. त्याने फोटो पुन्हा काढला, बघितला आणि मोबाइल खिशात टाकला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी वर जाऊन आलो. चारी टाक्यांवर काकांनी पिवळ्या रंगात १, २, ३, ४ असे आकडे टाकले होते. खांबांवर टाकतात तसे, पत्र्याचा साचा धरून, खाली बारीक रेघ. १ नंबरच्या टाकीची तोटी उघडी होती आणि कलमाच्या आळ्यात पाणी पडत होतं. बाकीच्या तीन तोट्यांना त्यांनी तार गुंडाळून ठेवली होती. पुतण्याने घाईत दोन एकदम उघडू नयेत म्हणून.