शेपटीचा स्क्रू

आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये एक तीनचाकी प्राणी फिरतो, तळ साफ करणारा क्लीनर. बडोद्यात पाण्यात काही वळवळलं की माणूस आधी मगर समजतो, मगरींच्या विश्वामित्री नदीची कृपा! त्यामुळे नव्या भाडेकरूंना सांगून ठेवावं लागतं, ही शेपटी आपलीच आहे.

त्याला मोटार नाही, कॅमेरा नाही, अक्कल तर नाहीच. बूस्टर पंप दाबाने पाणी ढकलतो, ते तरंगत्या पाइपातून याच्या पोटात शिरतं. त्यातलं थोडं चाकं फिरवतं. थोडं नोझलमधून जोरात वर सुटतं आणि त्याच्या ओढीने तळाची पानं पाठीवरच्या थैलीत चढतात. शेपटीतून, म्हणजे मागे वळवळणाऱ्या नळीतून, निघणाऱ्या पाण्याने बारीक माती उडते आणि पुढे मोठा फिल्टर ती पकडतो.

बाकावरच्या मंडळींना मात्र त्याचं चालणं बघवत नाही. "अहो, आसोपालवाचं पान या कोपऱ्यात, आणि हा बघा, निघाला तिकडे! स्पीड वाढवा की जरा." पण जास्त दाब दिला की हा तळ सोडून उड्या मारतो आणि चाकं झिजवून घेतो. म्हणून एका चाकाला रंगीत पट्टी चिकटवायची, त्याला चालू ठेवूनच पाण्याखाली धरायचं आणि मिनिटाचे फेरे मोजायचे. आमच्या मॉडेलला 28 ते 32 हवेत. जास्त भरले तर भिंतीजवळचा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह सैल करून थोडं पाणी बाहेर सोडायचं. कमी भरले तर पाण्याच्या वाटेतली गाळणीची जाळी धुवायची, पाइपाचे जोड चाचपायचे.

उत्तरायणानंतर तर हमखास कमी भरतात. मराठी घरं तिला संक्रांत म्हणतात, पण गच्चीवर 'काप्यो छे' ओरडण्यात मागे नसतात. तो सगळा कापलेला मांजा शेवटी चाकाच्या आसाला येऊन गुंडाळला जातो. गुलाबी, काच लावलेला, ओला असताना दिसतही नाही. चाक उलटं फिरवत चिमट्याने एकेक वेढा सोडवायचा. ओढलात तर बोट कापलंच म्हणून समजा.

शेपटीचं दुखणं वेगळं. ती पाण्याबाहेर उसळून काठावरच्या वहिनींचा पेपर भिजवते, तेव्हा तिच्या मुळाशी असलेला छोटा स्क्रू घड्याळाच्या दिशेने किंचित आवळायचा. अगदी बंद केला तर ती नुसती फरफटत येते, म्हणजे तेही नको.

आणि मागे जाणं! दर साडेतीन मिनिटांच्या आसपास पाइपावरचा व्हॉल्व्ह पाणी दुसरीकडे वळवतो आणि हा सुमारे अर्धा मिनिट उलटा ओढला जातो. कोपऱ्यात, शिडीखाली कुठेही अडकलेला असो, सुटतो. तेवढं एकच शहाणपण, तेही घड्याळाचं. फेरे मोजताना नेमकं हेच आड येतं, मग थांबून पहिल्यापासून मोजा. बाकावर आता यावर पैजा लागतात. "थांबा काका, आत्ता मागे येईल!" आणि आला की काका चहाचे पैसे काढतात.

चेअरमनसाहेबांनी परवा रोबोट घेण्याचा विषय काढला. तो म्हणे नकाशा आखून, ओळीने, एकही जागा न सोडता साफ करतो. बाकाचा एकमताने विरोध आहे. मग आम्ही बघायचं काय?