तुम्ही विचारलंत म्हणून : कार्बाइन ठेवायची की काढायची?

कार्बाइन म्हणजे खांद्याला लावून चालवायची आटोपशीर बंदूक; माझी पिस्तुलाच्या काडतुसावर चालते. ती ठेवायची की विकायची, हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. पुण्याचे नातेवाईक फोनवर विचारतात, "तुझ्याकडे कार्बाइन आहे म्हणे? पोलिसांकडे असते ती?" आणि इथे, डॅलसच्या उत्तरेला राहणारे, स्वतः रेंजवर जाणारे मित्र विचारतात, "नऊ एमएमची ती अजून ठेवली आहेस? पिस्तूल आहे, एआर रायफल आहे, मग हिचं काम काय?"

पुण्याला उत्तर देणं सोपं आहे. पोलिसांच्या खांद्याला आपण पाहत आलो ती स्टर्लिंग या ब्रिटिश बंदुकीच्या घराण्यातली, चाप दाबून धरला की गोळ्या सोडत राहणारी. माझी रुगर कंपनीची पीसी कार्बाइन चापाच्या एका दाबाला एकच गोळी सोडते. काडतूस मात्र दोघींचं तेच, 9 एमएम. ते भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, त्यामुळे हौस म्हणून अशी बंदूक तिकडे कुणाकडे दिसणार नाही. आणि हो, स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं तो प्रकार अगदी वेगळा : पॉइंट बावीसची रायफल, 50 मीटर, गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून. मी शनिवारी पत्र्याच्या ताटल्या वाजवतो. काकांनी दोन्ही एकाच वाक्यात आणू नये, एवढीच विनंती.

मित्रांचा प्रश्न जास्त खरा आहे, आणि कागदावर त्यांचंच बरोबर आहे. पिस्तुलाचं काडतूस लांब नळीतून मारून फार काही हाती लागत नाही. त्यात दारू थोडी, ती नळीच्या पहिल्या काही इंचांतच जळून जाते. चार इंची पिस्तुलातून 115 ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला साधारण 1150 फुटांनी निघते. 16 इंची नळीत त्यावर शंभर-दीडशे फूट वाढतात. एआरची .223 गोळी तीन हजारांच्या आसपास जाते. मग नळी 16 इंच का? बऱ्याच अंशी कायद्यामुळे. 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली त्याहून आखूड नळीची रायफल वेगळी नोंदवावी लागते.

त्यात धक्क्याची गंमत. लोकांना वाटतं, गोळी छोटी म्हणजे धक्का छोटा. एआरमध्ये बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता पोलादी ठोकळा, फिरून कुलूप लागतं आणि दाब उतरल्यावर ते उघडतं. बहुतेक 9 एमएम कार्बाइनमध्ये कुलूपच नसतं. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर सगळा दाब थोपवायचा. म्हणून बोल्ट जड, आणि तो जड गोळा दर गोळीला मागे आपटतो. रुगरने त्यात टंगस्टनचं सरकतं वजन घालून हा आपट बराच मवाळ केला आहे, तरी एआरनंतर लगेच हातात घेतली तर जाणवतोच. म्हणजे वेग कमी, पल्ला कमी, आणि खांद्याला सुखही एआरपेक्षा जास्त नाही. स्वस्ताई हवी तर पॉइंट बावीस आहे : तिची गोळी सात-आठ सेंटला, 9 एमएमची पाव डॉलरच्या आसपास, .223 ची त्याच्या जवळजवळ दुप्पट. एवढा हिशोब मांडला की मित्र विजयी मुद्रेने बघतात.

पण बंदूक तिजोरीत ठेवून तुलना करायची नसते. माझा सवाल असा असतो : मी प्रत्यक्षात जातो कुठे? घराजवळची रेंज बंदिस्त आहे, 25 यार्डांची. तिथे पिस्तुलाची काडतुसं चालतात. रायफलची चालत नाहीत, कारण मागचा गोळ्या अडवणारा बांध तेवढा सोसत नाही. एआर चालवायची तर गावाबाहेर लांब जायचं, म्हणजे सकाळ गेली. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये उघड्या रेंजवर उभं राहणं हा खेळ नव्हे, प्रायश्चित्त आहे. आणि तिकडे गेल्यावरही पोलादी टार्गेटवर रायफल मारायची तर बहुतेक ठिकाणी किमान शंभर यार्ड लागतात; जवळून मारली तर वेगवान गोळी पोलादात खड्डा पाडते आणि शिशाचे तुकडे उलटे येतात. 9 एमएमला दहा-पंधरा यार्ड पुरतात, डोळ्यांवर चष्मा ठेवून. चाप ओढला की ठण्ण आवाज लगेच कानावर. नव्या माणसाला हा आवाज काय आनंद देतो, ते कागदी टार्गेटवाल्यांना सांगून कळणार नाही.

दुसरं म्हणजे घर. बायकोला पिस्तुलाची झटकन वर उडणारी नळी आवडत नाही. मनगटावर सगळं येतं म्हणते, आणि ते खरंच आहे. कार्बाइनला खांदा मिळतो, डावा हात पुढे धरायला मिळतो, वर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) बसवला की नेम धरण्याचा अर्धा अभ्यास संपतो. आमचं पिस्तूल ग्लॉकचं. रुगरमध्ये मॅगझिनचा, म्हणजे काडतुसांच्या पेटीचा, खाचा बदलता येतो, त्यामुळे ग्लॉकची मॅगझिनं हिच्यात बसतात : एकच काडतूस, एकच पिशवी. ही युक्ती जुनी आहे. विंचेस्टरची 1873 ची रायफल .44-40 काडतुसावर चालायची, आणि पुढे कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. घोड्यावरच्या माणसाला दोन प्रकारची काडतुसं वागवावी लागू नयेत म्हणून. आम्ही कोरोलातून जातो, पण सोय तीच.

म्हणून निर्णय असा : कार्बाइन राहील. तिजोरीत जागा करायची वेळ आली तर एआर जाईल. ती चांगली बंदूक आहे, पण तिला जिथे पळायला हवं तिथे मी तिला नेत नाही. स्पर्धांचं कारण मी मुद्दाम देत नाही. यूएसपीएसए या इथल्या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत पिस्तूल-काडतुसाच्या कार्बाइनला वेगळा विभाग आहे, तिथली पोरं काय वेगाने मारतात ते जरूर बघा. पण "उद्या मी स्पर्धेत उतरेन" म्हणून आज बंदूक ठेवणारे आणि "उद्या पळायला लागेन" म्हणून ट्रेडमिल ठेवणारे एकाच जातीचे.

माझा निर्णय तुमच्यावर लागू करण्याआधी मात्र दोन गोष्टी बघा. तुमच्या घरात पोरंटोरं असतील तर बंदुकीआधी तिजोरी घ्या. टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतराखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. गुन्हा नसता तरी घेतली पाहिजेच. आणि नोकरी बदलून एडिसनला जायचा विचार असेल तर आधीच काढून टाका. न्यू जर्सीत 2018 पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही, रायफल विकत घ्यायची तर पोलिसांकडून ओळखपत्र लागतं. इथे विकणं सोपं. टेक्ससमध्ये दोन रहिवाशांना आपसात व्यवहार करायला कागद लागत नाहीत. तरी मी डीलरमार्फतच करीन. मंडळाच्या गणपतीत भेटणारा माणूस ओळखीचा असतो, पण त्याचा इमिग्रेशनचा कागद कुणी पाहिलेला असतो?

हे शेवटचं मी गमतीने म्हणत नाही. एच-वनवर आलेला इंजिनिअर, विद्यार्थी म्हणून आलेली भाची, बी-टूवर नातवंडं बघायला आलेले आई-बाबा : नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला इथे केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, काडतूसही नाही, आणि रेंजवर पाच मिनिटं हातात घेणंही बाळगण्यातच धरलं जातं. नेहमीची पळवाट, आणि ती कायद्यानेच दिलेली, म्हणजे कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. "अरे, एक गोळी मारून बघू दे ना" म्हणणाऱ्या जावयाला नाही म्हणणं फार अवघड जातं, पण म्हणावं लागतं. त्याच्या एका गोळीपायी त्याचं ग्रीन कार्ड अडकू शकतं.

तर या कधी शनिवारी. कानाचे मफ्स आणि चष्मे माझ्याकडे जास्तीचे आहेत, काडतुसं तुमची तुम्ही आणा, परतताना साबणाने हात धुवून मगच समोशाला लावा. आणि फोन कराल तेव्हा व्हिसा कुठला ते आधी सांगा.