कोल्हापुरातला सॉफ्टवेअरचा रोड शो : जाणार असाल तर सुताचं चलन घेऊन जा

हिशोबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीचा रोड शो नुकताच कोल्हापुरात झाला. हीच मंडळी आता पुढच्या गावांना जाणार आहेत, आणि यंत्रमाग पेढ्यांची वही लिहिणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर निमंत्रणाची लिंक येऊन पडली असेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या इचलकरंजीत बहुतेक पेढ्यांची वही टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर असते, आणि टॅली सोडवायला येणाऱ्या प्रत्येकाचा कार्यक्रम थोड्याफार फरकानं असाच असतो.

जायला एसटी उत्तम. बायकांना अर्धं तिकीट, पार्किंगची कटकट नाही. हॉल कावळा नाक्याजवळच्या एका हॉटेलात होता. तावडे हॉटेल मागं पडलं की दारात येऊन उभं राहायचं. कंडक्टरला आधी सांगून ठेवलं तर सीबीएसपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, जाऊन रिक्षानं मागं यावं लागत नाही.

पत्रिकेत दहाची वेळ होती, दीपप्रज्वलन सव्वाअकराला. तरी दहालाच पोचा. तेव्हा स्टॉलवर गर्दी नसते आणि कंपनीचा जो खरा कामाचा माणूस असतो, म्हणजे वायरी जोडणारा, लॅपटॉप लावणारा पोरगा, तो मोकळा सापडतो. स्टेजवर बोलणाऱ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं आणि तो खोटं बोलत नाही. नोंदणीच्या टेबलावर मोबाइल नंबर मागतात, तिथं ऑफिसचा द्या. मी स्वतःचा दिला नाही, माझ्या शेजारणीनं दिला. जेवणाआधीच तिला दोन डीलरांचे फोन आले.

पहिला तास कंपनीची थोरवी आणि चकचकीत व्हिडिओ. मग डेमो. डेमोत दुकान मोबाइलचं, माल एक नग चार्जर, जीएसटी १८ टक्के. बटण दाबलं की बिल, दुसरं दाबलं की ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल, क्यूआर कोडसकट. टाळ्या. अहो, चार्जरचं बिल कुणालाही करता येतं. आमच्याकडं सूत किलोवर येतं, चलनावर (माल पाठवल्याच्या चिठ्ठीवर) सायझिंगला, म्हणजे खळ लावायला जातं, तिथून बिमं (सूत गुंडाळलेले रूळ) खर्चीवाल्याकडं, म्हणजे मजुरीवर विणून देणाऱ्याकडं जातात आणि परत येतं ते कापड, मीटरवर. मधे घट, म्हणजे वाया गेलेलं सूत. खर्चीवाल्याची मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, तिचा जीएसटी ५ टक्के. मी पिशवीत असलं एक जुनं चलन आणि त्याचं मजुरीचं बिल घेऊन गेले होते, आणि प्रश्नोत्तरांत एवढंच म्हणाले, ‘सर, हे तुमच्या स्क्रीनवर करून दाखवा.’

किलोत पाठवलेला माल मीटरमध्ये जमा करताना सॉफ्टवेअर अडलं. जाताना जे एकक, येताना तेच पाहिजे म्हणालं. त्यांनी वाट काढली, पण ती म्हणजे हातानं केलेली जर्नल एंट्री, जी आम्ही आजही करतोच. मग चलनावर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन दाखला, मागायला लागलं, त्याशिवाय पुढं जाईना. ‘मॅडम, ते तर लागणारच,’ सर म्हणाले. खरं तर महाराष्ट्रात जॉबवर्कसाठी, म्हणजे मजुरीवर काम करून घ्यायला, सूत किंवा कापड राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरच्या आत न्यायचं असेल तर ई-वे बिल लागत नाही, ही सूट २०१८ पासून आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘सायझिंग आमच्या गल्लीत आहे भावा!’ त्यावर हॉल हसला आणि सरांनी मुद्दा टिपून घेतला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त यंत्रमाग ठाऊक नव्हता.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु कारखानदारांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात धरला जात नाही. २०२३-२४ पासूनची ही डोकेदुखी. यांच्या पडद्यावर कुठल्या खर्चीवाल्याची मुदत कधी भरते ते तारखेनुसार रंगीत दिसत होतं. तोवर पेंगत असलेले शेठ लोक इथं सरळ बसले. आमच्या पेठेत कापडाची उधारी कुठवर ताणते हे ज्यांना माहीत आहे त्यांना कारण सांगायला नको.

विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण स्टॉलवर गेलं की सगळं विसरतं. माझा पहिला प्रश्न होता : दोन वर्षांनी सोडून द्यायचं ठरवलं तर माझा डेटा मला कशात मिळणार? एक्सेलमध्ये सगळी खाती आणि डे बुक (रोजच्या नोंदींची वही) मिळतं का, का नुसती पीडीएफ? जीएसटीची दप्तरं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, तेव्हा वर्गणी बंद झाल्यावर जुनी वही उघडणार का, हे लेखी घ्या. प्रायव्हेट लिमिटेडची वही लिहीत असाल तर एडिट लॉग, म्हणजे कोणती नोंद कधी बदलली याची आपोआप राहणारी नोंद, बंद करता येतो का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून तो बंद न करता येणारा हवा. सर्व्हर क्लाउडवर असेल तर रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर राहतो का, हेही विचारा, कंपन्यांना तेही लागू आहे. आणि दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण किती? पहिल्या वर्षाचा आकडा ते मोठ्या अक्षरात दाखवतात.

‘फक्त आजच’ची सवलत असते. घाई करू नका. मी कोटेशन घेतलं आणि ‘शेठना विचारून सांगते’ म्हणाले. संध्याकाळी तीच सवलत महिनाअखेरपर्यंत वाढल्याचा मेसेज आला. शक्यतो शेठना बरोबर नेऊच नका. त्यांना पडद्यावरचे रंग आवडतात, नोंदी आपल्याला कराव्या लागतात.

घ्यायचंच ठरलं तर १ एप्रिलला, आरंभीच्या शिल्लका टाकून. वर्षाच्या मध्ये वही बदलली की ऑडिटला दोन ठिकाणचे उतारे जुळवत बसावं लागतं. आधी एक महिना दोन्हीकडं नोंदी करून बघा आणि जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, जुळतोय का पाहा.

जेवण बुफे, पनीर आणि दाल. कोल्हापुरात येऊन रस्सा नाही, यावर टेबलाटेबलावर चर्चा झाली. पण जेवणाची रांग चुकवू नका. माझ्यापुढं विट्याचे एक अकाउंटंट होते, त्यांनी हेच सॉफ्टवेअर वर्षभर वापरलं होतं. फोन केला की माणूस कधी येतो, मार्चअखेरीस काय होतं, हे सगळं त्यांनी ताट हातात धरून सांगितलं. स्टेजवर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

शेवटी लकी ड्रॉ असतो, लोकांनी उठू नये म्हणून. मला काही लागलं नाही. चारच्या आत निघालात तर सीबीएसवर बसायला जागा मिळते. त्यानंतर कॉलेजची पोरं येतात आणि घरापर्यंत उभं राहावं लागतं.