छत्री मिटा, घोडे बुजतील

काल फुचूच्या तोक्यो रेसकोर्सवर शेजारच्या काकांनी मला छत्री मिटायला लावली. पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेच्या, कठड्याला उभी होते, रिमझिम सुरू झाली तशी सवयीने छत्री उघडली, तर काका हळू आवाजात म्हणाले, "मिटा, घोडे बुजतील." तेव्हा कुठे मी आजूबाजूला बघितलं. एवढी माणसं भिजत उभी, कुणी टोपी घालून कुणी रेनकोट घालून, पण छत्री एक नाही! आधी राग आला, खोटं कशाला बोलू. कचऱ्याला नियम, ट्रेनमध्ये फोनवर बोलायला नियम, आता पावसालापण? पण मग घोडे अगदी समोरून गेले, कान टवकारलेले, पाठी पाण्याने चकाकत होत्या, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. काकांनी पिशवीतून जादाचा रेनकोट काढून माझ्या हातात दिला, परत द्यायचा नाही म्हणाले.

आपल्याकडे जनावरांची कदर नाही असं मुळीच नाही हं. पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. मला हे त्यातलंच वाटलं, दिवस जनावराचा आहे ना, मग माणसाने थोडं सोसायचं.

शर्यत होती तेन्नो शो, म्हणजे सम्राटाच्या नावाचं बक्षीस. वसंतातली क्योतोला 3200 मीटरची, ही शरदातली 2000 मीटरची, दोन्ही गवतावर. काका सांगत होते, 2017 ला वादळी पावसात इथे सगळा चिखल झाला होता, किटासान ब्लॅक नावाचा घोडा सुरुवातीच्या गेटमधून उशिरा निघाला, सगळे हळहळले, तर त्याचा जॉकी युताका ताकेने त्याला आतल्या कडेने पुढे काढलं आणि थोडक्यात जिंकवलं. वेळ 2 मिनिटं 8.3 सेकंद. याच 2000 मीटरला 2023 मध्ये इक्विनॉक्स या घोड्याला 1 मिनिट 55.2 सेकंद लागले, म्हणजे चिखलाने किती ओढून धरलं असेल बघा. काका ही 2 मिनिटं 8.3 सेकंदांचीच गोष्ट जास्त प्रेमाने सांगत होते आणि मलाही तीच आवडली.

आणि हो आई, मी घोड्यावर पैसे लावायचं तिकीट काढलं. शंभर येनचं, साठेक रुपये. तुला आवडणार नाही माहितीये, पण इथे हे सगळं सरकारच्या देखरेखीखाली चालतं, पैशातला वाटा देशाच्या तिजोरीत जातो, लोक लेकरंबाळं घेऊन डबे घेऊन येतात. पुण्यात बस रेसकोर्सवरून गेली की आजोबा मान दुसरीकडे फिरवायचे, ते कालही आठवलं, तरीपण काढलं. माझा घोडा आला नाही, त्याचं काही वाटलं नाही.

निघताना मी काकांना अभिमानाने सांगितलं की आमच्या पुण्यात तर रेसचा सीझनच पावसाळ्यात असतो, जुलैपासून. त्यांचे डोळेच मोठे झाले. मग त्यांनी विचारलं, "तिथे पॅडॉकला छत्री चालते?"

मला सांगता आलं नाही. वीस वर्षं पुण्यात राहिले आणि त्या फाटकाच्या आत एकदाही गेले नाही. जुलैत येतेय, आई. रेनकोट घेऊन जाऊ दोघी.